किनाऱ्याचा धनी

१२ जून
पोचलो एकदाचे! ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेलं हे बेट. वारा असा सुटलाय की माझा स्कार्फ एव्हाना दक्षिण ध्रुवावर पोचला असेल. नवी जोडपी मनालीला जातात. मला मात्र सील आणि सी-लायन बघायचे होते, अगदी शाळेपासून. धैर्यशीलने एका शब्दाने नाही म्हटलं नाही. पैलवान माणूस, मंगळवार पेठेतल्या तालमीबाहेरचं जग त्याने बघितलंय कुठे! विमानात सीटमध्ये मावेना, पोटभर मिळेना, म्हणून वाटभर कुरकुर. सासूबाईंनी बांधून दिलेल्या चटणीवर निभावलं. मी खूश आहे. फार खूश.

१३ जून
दिसले! वाळूवर सी-लायन पसरलेले, उन्हात टाकलेल्या गोधड्यांसारखे. पिल्लं आईच्या अंगावरून घसरतात, आया वैतागून दात दाखवतात. पलीकडच्या खडकांवर काळपट सील, ते लाजाळू; नीट बघेपर्यंत बुडी मारून गायब. माझे डोळेच भरून आले. धैर्यशील हसला मला.
मग नर आला. रेड्याएवढा, मान जुन्या जखमांनी भरलेली. आमच्या वाटाड्या बाईंनी सांगितलं की किनारा त्याचा आहे. दुसरा कुणी त्याला हरवेपर्यंत इथल्या सगळ्या माद्या त्याच्या. तो दिवसच्या दिवस खात नाही, परका नर दिसला की मान फोडतो आणि निघून जाणाऱ्या मादीला दातांत धरून परत आत फेकतो. आवाज करू नका, असं बाईंनी बजावलं.
आमच्या पैलवानाने काय करावं? जाकीट काढलं, चार पावलं पुढे गेला आणि शड्डू ठोकला. मांडीवर असा दणका की पक्षी उडाले. समोर तगडा गडी उभा राहिला की ह्याचा हात आपोआप मांडीवर जातो, त्याला तो तरी काय करणार! बाई किंचाळल्या. नराने धैर्यशीलकडे बराच वेळ पाहिलं, मान खाली घातली आणि पाण्यात निघून गेला. परत आलाच नाही.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही. पण मग माद्या सरकत सरकत येऊन धैर्यशीलच्या पायाशी पडल्या. तेव्हा मला कसंसंच झालं.

१८ जून
घरी आलो. कळंब्याच्या पुढे, शेतात आमचं एकटंच घर. लग्नानंतर मी इथे जेमतेम आठवडा राहिले होते, अजून डबे कुठे काय ते सापडत नाही. सासूबाईंनी कौतुकाने तांबडा-पांढरा रस्सा केला. धैर्यशीलने ताट ढकललं. सासूबाई म्हणाल्या, "इमानाचं वारं बाधलं आसंल. हुईल की दोन दिसांत बरा." रस्स्याला नाही म्हणणारा हा पहिलाच पैलवान. सासूबाई, नणंद तेजस्वी आणि मी, आम्हा तिघींना आतल्या खोलीत बसवून तो उंबऱ्यावर पालथा पडून राहिलाय. उठवलं तर गुरगुरतो.

२१ जून
अजून एक घास खाल्लेला नाही, तरी अंग फुगत चाललंय. मान तर ओळखू येत नाही. दुपारी त्याचा तालमीतला जोडीदार अमरसिंह आला. "काय पावणं, परदेस बघून आलासा न् तालीम इसारला व्हय?" एवढंच हसत म्हणाला. धैर्यशीलने त्याच्या मानेत दात रुतवले आणि हिसका दिला. मांस तुटल्याचा आवाज मी ऐकला. अमरसिंह रक्ताने न्हाऊन गाडीपर्यंत सरपटत गेला.
संध्याकाळी त्याने तेजस्वीला फोन केला. दवाखान्यात त्याने गाडीवरून पडलो असं सांगितलंय. पैलवानाला पैलवानाने अंगणात लोळवलं, हे सांगायची लाज! मला संताप आला. खरं बोलला असता तर कुणी तरी आलं असतं.
बोलणं संपायच्या आत धैर्यशीलने तो फोन दातांनी फोडला. मग माझा.

२३ जून
तेजस्वी मागच्या दाराने निघाली. त्याने तिला मानगुटीला दातांत धरलं, उचललं, आत फेकलं. खांदा निखळलाय तिचा. सासूबाई मुसळ घेऊन धावल्या. मुसळ त्याच्या पाठीवर मोडलं, तो हललाही नाही. मग सख्ख्या आईला भिंतीवर —
त्या आता बोलत नाहीत. श्वास चालू आहे.
तो ओरडतो ते माणसाचं ओरडणं नाही. मला त्याची भीती वाटते. माझ्याच नवऱ्याची.

२५ जून
उद्या आषाढ लागतो. नवी सून म्हणून मला माहेरी न्यायला सम्राट येणार, मुराळी म्हणून. माझा धाकटा भाऊ. आईने केव्हाच ठरवलंय. किरकोळ पोरगा, अमरसिंहच्या निम्मा नाही. त्याला कळवू कसं?
बांधापर्यंत पळाले. त्याने गाठलं. दात गळ्यात —
आवाज फुटत नाही. नुसती हवा येते. आणि रक्त.

२६ जून
मोटारसायकल. वळणावर. सम्राटच आहे, हेल्मेट नाही नेहमीप्रमाणे. ओरडता येत नाही. हे पान फाडून खिडकीतून टाकते —

सम्राट, आत येऊ नकोस. गाडीवरून उतरू नकोस. तू भाऊ आहेस हे त्याला कळणार नाही, त्याला फक्त तू मला न्यायला आलायस एवढंच — मी बरी आहे. तू जा. पोलिसांना घेऊन —

हात हलवतोय मला. हसतोय.

उंबऱ्यावर तो नाही. आत्ता तर होता. सम्या, गाडी वळव, तो बाहेर आलाय, गोठ्याच्या आडून तुझ्या माग