काकू म्हणणारी

७ मे २०२५, बुधवार

सुरू झाली एकदाची लढाई! सकाळी टीव्ही लावला तर तेच. आमचे हे चहा हातात धरून बसले, प्यायचं विसरले.

योगीराजचा फोन आला. एवढंच बोलला, "आई, मी बरा हाय. कुठं हाय ते इचारू नको. कुणी इचारलं तर सांगू बी नको." आणि बंद. रजा रद्द झाली म्हणे. याच महिन्यात मानवतची मुलगी बघायला जायचं होतं. मुलगी बघायचं नाव काढलं की या पोराला दर वेळी काहीतरी आडवं येतं. या खेपेला लढाईच आली!

दुपारी अनोळखी नंबर. पोरीचा आवाज — "काकू, योगीराजचा फोन आल्ता का?"

तू कोण म्हटलं. "मी प्रिया. ओळखीची हाय."

कोणाच्या ओळखीची? पुढे काही विचारायच्या आत ठेवलाच तिने. ओळखीची असती तर आधी गाव सांगितलं असतं, मग बापाचं नाव. आपल्याकडे तशीच रीत आहे.

८ मे

पुन्हा तीच! "जेवल्या का काकू?" — तोंडात नुसती साखर. मी म्हटलं, माझा मुलगा पुण्याला कंपनीत आहे, आम्हाला कुठली लढाई! हसली. मग हळूच म्हणते, "त्यांचा मागच्या हप्त्यातला ताप उतरला ना?"

ताप? मला, आईला माहीत नाही, आणि हिला माहीत! आणि काल नुसता 'योगीराज' होता, आज 'त्यांचा' झाला. 'त्यांचा' म्हणे!

ह्यांना सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "फौजीच्या घरी असेच फोन यायलेत म्हणं. गोड बोलून ठावठिकाणा काढत्यात." मी तिला काय काय बोलून बसले ते आठवायला लागले. आणि हे पुन्हा टीव्हीत!

९ मे

योगीचा फोन नाही. लावला तर बंद लागतो. शेजारची धुरपताबाई येऊन "काय खबर?" विचारून गेली. काही नाही म्हटलं. एरवी तिला सगळं सांगते, पण आता तिच्याशी बोलतानाही जीभ आवरते.

अंगणवाडीत माझं आयुष्य गेलं. खोटं बोलणारं पोर मला डोळ्यांवरून कळतं. फोनवर डोळे दिसत नाहीत, म्हणून आज तिची परीक्षाच घेतली. म्हटलं, रविवारी पोखर्णीला नरसिंहाची जयंती आहे, मी जाणार आहे. तू इथलीच ना? मग सांग, जन्म केव्हा लागतो?

"सकाळी... असंल ना काकू?"

सकाळी! अगं, दिवेलागणीला जन्मलेला देव तो. ना दिवस ना रात्र, ना घरात ना बाहेर — उंबरठ्यावर! आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

"बरं, उपास कुणाचा धरतीस?"

"आमच्याकडं उपास करत न्हाईत काकू कुणी."

झालं! या मुलखात उपास न करणारं घर कोणतं? ही इथली नाहीच. बोली मात्र चांगली घोटून घेतली आहे तिच्याकडून, हे मान्य केलं पाहिजे.

नंबर ब्लॉक केला. मला मोबाइल कळत नाही म्हणून हे हसतात. ब्लॉक करायचं बरोबर कळलं!

१० मे

दिवसभर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन. तिचीच टोळी असणार. योगीचा नंबर दिसला तरच उचलायचा असं ठरवलंय. एकही उचलला नाही.

संध्याकाळी लढाई थांबली म्हणे. गावात फटाके उडाले. धुरपताबाईने पेढा आणला. मी हातात घेतला आणि देवापुढे ठेवून दिला. लढाई थांबली, मग माझ्या पोराचा फोन का येत नाही? ह्यांना विचारलं तर "रेंज नसंल" म्हणतात. तेही माझ्याकडे न बघता म्हणतात. मला फार भीती वाटते आहे.

११ मे, नरसिंह जयंती

आज जे झालं ते सगळं लिहून काढते.

पोखर्णीला ही गर्दी! जन्माची वेळ जवळ आली होती. देवळाबाहेर एक मुलगी उभी. आत जात नव्हती, हात जोडत नव्हती, येणाऱ्या प्रत्येक बाईचं तोंड न्याहाळत होती. मला बघितलं आणि सरळ माझ्याकडे आली.

"काकू, तुमी फोनच उचलेना गेलाय."

तोच आवाज! मी ओरडले. हेर आहे, धरा हिला, माझ्या पोराच्या मागावर आहे! बायाबापड्या गोळा झाल्या. कुणीतरी तिचा दंड धरला. ती नुसती म्हणत होती, "काकू, एक मिनिट बाजूला या. एवढ्या लोकांत कसं सांगू?" मी कशाला ऐकते!

बंदोबस्तावरचा पोलीस आला. तिचं आधार कार्ड बघून हसला. "मावशी, ही कुठली हेर! संघप्रिया दत्तराव, पेडगाव. परभणीला दवाखान्यात नर्स हाय."

पेडगाव. संघप्रिया. सगळं एकदम लख्ख कळलं. उपास का नाही, जन्माची वेळ का माहीत नाही. बौद्धांची मुलगी. आपल्या शेजारच्या गावची! इतकी वर्षं अंगणवाडीत त्यांची लेकरं मांडीवर घेतली, आणि उपास न करणारं घर कोणतं म्हणून मीच विचारत बसले.

पण मग तिला माझ्या योगीच्या तापाचं काय पडलंय? तेही लगेच कळलं. मुलगी बघायचं नाव काढलं की त्याला काय आडवं येत होतं, तेही.

"मी घरी येते काकू, तितं सांगते," म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज सरळ. मी चारचौघांत म्हटलं, माझा उंबरठा चढायचा नाही!

ती गेली. आत जन्म झाला, गुलाल उडाला. मला देव दिसलाच नाही.

झरीला घरी येताना बसमध्ये मनात आलं — हेर असती तर परवडली असती! असं खरंच मनात आलं. ह्यांना अजून काही सांगितलेलं नाही.

१२ मे

दिवेलागणीला दारात दोघं. ती आणि तिचा बाप. पांढरी साडी बघून माझ्या काळजात धस्स झालं. मग आठवलं, आज बुद्धपौर्णिमा.

जानेवारीच्या रजेत योगीने आणि तिने लग्न नोंदवलंय. या रजेत तो आम्हाला सांगणार होता. फौजेच्या कागदावर आता तिचं नाव आहे, म्हणून शनिवारी फोन तिला गेला. गोळा फुटून पोटाला लागलंय. ऑपरेशनला नेताना तो शुद्धीत होता. "आईशी बोलायचंय," म्हणाला. तिनं दिवसभर फोन लावला — स्वतःचा, मैत्रिणींचे, दवाखान्यातला.

अजून शुद्धीवर नाही. उद्या सगळे निघतोय.

हे सगळं ती बाहेरूनच बोलली. ह्यांनी दोनदा "आत ये बाई" म्हटलं, तरी माझ्याकडे बघत तिथंच उभी राहिली. मी काल बोलले होते ना.

मग मीच उंबरठा उतरले.