निळीची हजामत

प्रिय बाई,

वरचा शब्द लिहिला आणि मी उठून पाणी पिऊन आलो. आजवर तुम्हाला मी दोनच चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. एक पाण्याच्या मीटरबद्दल आणि दुसरी तुमच्या मांजरीने माझ्या धुतलेल्या टॉवेलांवर पिल्लं घातली त्याबद्दल. दोन्हींच्या माथ्यावर 'आदरणीय' होतं. आज हात तिकडे वळलाच नाही. तुम्ही बत्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्यात, तेव्हा लाल पेनाने खोडलंत तरी चालेल, पण मी काही खोडणार नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. त्यात एक नातवंड रडायला लागतं, त्याचं ऐकून दुसरं सुरू होतं, तुम्ही ठेवते म्हणता आणि माझं सांगायचं राहून जातं. आणि आता राहून चालणार नाही, कारण पुढच्या आठवड्यात तुमच्या घराचा निकाल लागायचाय.

तर आधी कबुली देतो. तुमची निळी हायड्रेंजिया यंदा फुललीच नाही. एक फूल नाही, अर्धं नाही. मी फोनवर तीन वेळा 'फुलली' म्हणालो ते धडधडीत खोटं. 'जेवणाच्या ताटाएवढं फूल आलंय' हे तर एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला शाम्पू लावता लावता सुचलेलं. तो बिचारा डोळे मिटून विचारत होता, कुठे आलंय, कुठे आलंय. आता तुम्ही बसला असाल तर बसूनच राहा, कारण निळी फुलली नाही ती तिच्या मर्जीने नव्हे, माझ्या हाताने.

तुम्ही गेलात तेव्हा थंडी सुरू होत होती. सुनेला जुळी झालीत, दोन महिने मदत करून येते, म्हणालात. किल्ली माझ्या हातात दिलीत आणि मला कुंपणाशी उभं करून तुमच्या पाचही हायड्रेंजियांची ओळख करून दिलीत, वर्गात नव्या मास्तरांना मुलांची करून देतात तशी. भिंतीशी निळी. तिच्या शेजारी पंजासारख्या पानांची, म्हणजे पंजेवाली. फाटकाशी पांढऱ्या गोळ्यांची गोळेवाली. विहिरीकडे टोकदार तुऱ्यांची शंकूवाली. आणि मागच्या भिंतीवर चढलेली वेल. मी विसरेन म्हणून तुम्ही जुन्या पडद्याच्या आणि जुन्या चादरीच्या चिंध्या फाडून प्रत्येकीला एकेक बांधलीत. लाल चिंधी म्हणजे हात लावायचा नाही, फुलं येऊन जाईपर्यंत थांबायचं. पांढरी चिंधी म्हणजे थंडी सरता सरता कापायची. इतकं सोपं होतं की एखादं शेंबडं पोरही चुकलं नसतं. चुकायला बेचाळीस वर्षांचा अनुभव असलेला न्हावी लागतो.

बाई, मला मळका कपडा बघवत नाही, हे तुम्ही जाणता. सलूनमधले टॉवेल मी रोज उकळतो. ऐन थंडीत एकदा तुमच्या बागेत डोकावलो, तर चिंध्या चिखलाने अशा माखलेल्या की मला वाटलं, बाई आल्या तर काय म्हणतील, त्यांच्या झाडांना असं गबाळं ठेवलंय! पाचही सोडल्या, टॉवेलांच्या पातेल्यात टाकल्या, साबण घालून दणक्यात उकळल्या. झाकण उघडलं तर पाचही चिंध्या गुलाबी. नुसत्या चिंध्या नव्हेत, अठरा टॉवेलही. पुढचे चार महिने माझ्या सलूनमध्ये सगळे पुरुष गळ्याभोवती गुलाबी टॉवेल गुंडाळून दाढ्या करून घेत होते आणि कारण विचारायची एकाचीही हिंमत नव्हती. मी मात्र चिंध्यांना इस्त्री केली आणि छानपैकी पुन्हा बांधल्या. बांधून झाल्यावर लक्षात आलं की कुठली कुणाची ते आता देवालाच ठाऊक.

तेव्हाच तुम्हाला फोन करायला हवा होता. पण तुम्ही हसाल अशी धास्ती वाटली. आणि खरं सांगायचं तर मनात आलं, झाड आणि डोकं यांत फरक तो काय, बघून कळेल. थंडी सरत आली तशी कात्री घेऊन गेलो. निळीच्या माथ्यावर गेल्या वर्षीची वाळकी तपकिरी फुलं तशीच, सहा महिने विंचरलं नसावं असं डोकं. पंजेवालीचाही तोच अवतार. म्हटलं, यांनाच कापायचं असणार. निळीची मी जमिनीपासून वीतभर ठेवून साफ हजामत केली. चारही बाजूंनी वाकून पाहिलं, कुठे खालीवर झालं नाही ना. पंजेवालीला तसाच बारीक कट दिला. शंकूवाली आणि गोळेवाली वाळल्या तरी बऱ्या दिसत होत्या, त्यांना हात लावला नाही. वेलीसाठी शिडी लागली असती आणि गुडघा नको म्हणत होता, म्हणून ती वाचली. म्हणजे जिथे कापायचं तिथे मी हात जोडून उभा, आणि जिथे हात जोडायचे तिथे कात्री. तुमच्या पेपरात शंभरपैकी वीस गुण पडले, तेही गुडघ्याच्या कृपेने.

उन्हाळा आला. शंकूवाली उंटासारखी वाढली आणि टोकाला लहान लहान तुरे आले. गोळेवालीचे गोळे लिंबाएवढे. आणि निळी नुसती पानं, हिरवीगार, तजेलदार, जणू काही झालंच नाही. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिच्यापुढे उभा राहायचो. वसंतात तुम्ही फोनवर म्हणाला होतात, निळी फुलली की कळवा, मी येऊन बघेन आणि घर ठेवायचं की द्यायचं ते तेव्हाच ठरवेन. मुलगा तिकडेच राहा म्हणत होता, तुमचं मन काही ठरत नव्हतं. ते सगळं त्या फुलावर टांगलेलं, आणि ते फूल मी थंडीतच कापून कचऱ्यात टाकलेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा तोंडातून 'फुलली' निघून गेलं.

जुळ्यांना सोडून निघता येईना, म्हणून मग फोटो मागितलात. मी तडक रोपवाटिकेत गेलो, कुंडीतली फुललेली निळी हायड्रेंजिया विकत घ्यायला. ती तुमच्या झाडापुढे ठेवून फोटो काढायचा बेत होता. तिथल्या मालकीणबाई म्हणजे खमकं काम. एवढ्या घाईत कुणासाठी म्हणून विचारलं आणि मी, खोटं बोलण्यात नवशिका, सगळं ओकलो. त्या हसत हसत खताच्या पोत्यावर बसल्या. डोळे पुसले आणि मला कुंडी विकायला साफ नकार दिला, म्हणून तो फोटो तुम्हाला कधी आलाच नाही. वर एक फांदी हातात धरून शिकवणी घेतली. निळी आणि पंजेवाली पुढल्या वर्षाच्या कळ्या उन्हाळा संपता संपताच जुन्या फांद्यांत भरून ठेवतात, वर्षभर आधी बॅग भरून बसणाऱ्या माणसांसारख्या. थंडीत किंवा वसंतात ती फांदी कापली की बॅगच गेली. निळीची वाळकी फुलं तुम्ही मुद्दाम ठेवली होतीत, खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटायच्या कळ्यांना, गारठ्यात टोपी म्हणून! गारठा गेला की फक्त ते वाळकं फूल, पहिल्या टपोऱ्या डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर कापायचं, आणि फार म्हातारे झालेले दोनतीन दांडे बुडातून काढायचे, बस. पंजेवालीचं काही मेलेलं, आडवंतिडवं असेल तेवढंच, तेही फुलं झाल्यावर. वेलीचंही तसंच. शंकूवाली आणि गोळेवाली मात्र त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर फुलतात, म्हणून त्यांना थंडी सरताना बिनधास्त कापायचं. शंकूवालीच्या प्रत्येक फांदीवर डोळ्यांच्या दोनतीन जोड्या ठेवायच्या. गोळेवाली गुडघ्याएवढी ठेवायची, अगदी जमिनीलगत नाही, नाहीतर पावसात गोळे मातीत लोळतात. आहे की नाही पाठ? मी हे रोज गिऱ्हाइकांना म्हणून दाखवतो. खुर्चीत बसलेला माणूस जाणार कुठे!

आणि त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिने माझा उन्हाळा बदलून टाकला. ज्या कोवळ्या फांदीला फूल नाही, तीच कलम करायला उत्तम. बाई, माझ्याकडे तर अशाच फांद्यांचं रान माजलं होतं! मी निळीची चौदा टोकं कापली, या वेळी विचारून, आणि सलूनमधल्या जुन्या दाढीच्या मगांत ओलसर वाळू घालून खिडकीत लावली. केसांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने सकाळ-संध्याकाळ फवारे. आपले निवृत्त पोस्टमन दाढीला एक दिवसाआड यायचे, ते आता रोज येतात, दाढी नसली तरी. महिनाभराने एका मगातलं रोप हलकेच ओढून पाहिलं तर ते हलेना. मुळं धरली होती. पोस्टमन आणि मी एकमेकांचे हात धरून नाचलो. एका गालाचा फेस वाळून गेला तरी त्यांना शुद्ध नव्हती. चौदांपैकी अकरा जगली. इतका आनंद मला लेक पहिल्यांदा बाबा म्हणाली तेव्हा झाला होता, आणि मधली वर्षं काही कमी नव्हती.

एवढं सगळं चाललेलं असताना तुमचा तो फोन आला. म्हणालात, निळी तुमच्या हाताखालीही फुलली ना, मग आता मला काळजी नाही, बागेला माझ्यावाचून काही अडत नाही, घर देऊन टाकते, घेणारे एक तारखेला किल्ली न्यायला येतील, तुम्हीच द्या. मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसलो, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशासमोर. स्वतःची लबाडी अशी नीट उजेडात पाहायची वेळ बेचाळीस वर्षांत आली नव्हती. तुम्ही दुखावू नये म्हणून खोटं बोललो असं मी समजत होतो, आणि त्या खोट्याने तुम्हाला निरोप देऊन टाकला. पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही फाटकात उभ्या असतात, कमरेवर हात ठेवून, आणि मी कान पकडून. ते मला किती आवडलं असतं हे मलाही तेव्हाच कळलं.

आज सकाळी निळीजवळ वाकून पाहिलं. उन्हाळाभर वाढलेल्या प्रत्येक फांदीच्या टोकाला डोळे धरलेत, टपोरे, करंगळीच्या टोकाएवढे. मोजले तर एकोणतीस फांद्या भरल्या. कुणी कात्री लावली नाही आणि गारठ्याने दगा दिला नाही तर पुढल्या उन्हाळ्यात ती अशी फुलेल की भिंत दिसायची नाही. घेणाऱ्यांना बाग नको आहे, गाड्या लावायला फरशी हवी आहे, असं तुमच्या मुलाने सांगितलं. म्हणून मी माझ्या अंगणात कुंपणालगत पाच खड्डे खणून खत भरून ठेवलंय. पानं गळली की, फरशीचं काम सुरू व्हायच्या आधी, पाचही मुळांसकट इकडे आणता येतील, मालकीणबाई स्वतः येणार आहेत. वेल थोडी रुसेल, पण येईल.

आणि आता, बाई, ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. किल्ली मी एक तारखेला कुणालाही देणार नाही. ती तुम्ही स्वतः घ्यायला या आणि स्वतःच्या हाताने द्या, आणि देऊन झाली की परत जाऊ नका. झाडं इकडे येणारच आहेत, तुम्हीही या. बागेला तुमच्यावाचून अडत नसेल, मला अडतं. तुम्ही गेल्यापासून अकरा महिने संध्याकाळी मी कुंपणाशी जाऊन उभा राहतो आणि बोलायला कुणी नसतं. लग्न म्हणा, सोबत म्हणा, नाव तुम्ही ठेवा, तुमचं शुद्धलेखन चांगलं आहे. लोक काय म्हणतील याची चिंता सोडा, गावातले सगळे गळे आठवड्यातून एकदा माझ्या वस्तऱ्याखाली येतात. तुमच्या मुलाला मी कालच विचारलं. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, काका, आई रोज फुलांचं निमित्त करून तुम्हाला फोन करते, आम्हाला काय कळत नाही? जुळ्यांना घेऊन दर सुट्टीत येऊ, असंही म्हणाला. माझ्या लेकीने तर बाबा, एकदाचं लिहा म्हणून मला धारेवरच धरलंय. सुट्टीचा वार सोडून दुकान मी आजवर दोनदाच बंद ठेवलं, लेक जन्मली तेव्हा आणि तिची आई गेली तेव्हा. तिसऱ्यांदा बंद ठेवायचं माझ्या मनात आहे. दिवस कोणता, ते तेवढं तुम्ही कळवा.

तुमची वाट बघणारा, तुमचाच,
कुंपणापलीकडचा न्हावी