एकसष्टपासून एकपर्यंत

प्रिय यशवंता,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे ठीक आहेत. तुझा नातू अश्विन उद्या तिकडे येतोय, त्याच्याच हाती देतोय. फोनवर मला धड बोलता येत नाही. समोरचा गप्प झाला की मी भलतंच बोलून जातो. परवा गोदावरी वहिनींचा फोन आला. तू दोनदा डायलिसिसला गेला नाहीस म्हणाल्या. ‘पुरे झालं आता’ म्हणालास म्हणे. उन्हानं आधीच जीव थकलाय, गुडघे धरतात, आणि त्यात हे. त्याबद्दलच लिहायला बसलो, पण आधी दुसरंच सांगतो.

माझ्या नातीनं, अनुश्रीनं, तिचा जुना फोन मला दिला आणि त्यात कोरियाची एक चित्रकथा लावून दिली. हिंदीतून आहे. ‘आबा, दिनभर टेन्शन लेते हो, ये पढ़ो,’ म्हणाली. पोट्टीला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीच. या कथेला पानं नसतात. बोटानं वर सरकवत जायचं, खालून पुढचं चित्र हळूहळू उगवतं. पहिल्याच दुपारी माझं बोट थांबलं. मला तुझा पंजा आठवला.

रायपुरच्या ब्राह्मणपाऱ्यातलं, आपल्या लहानपणचं वाचनालय आठवतं का? चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन तू वाचायचास आणि पुढच्या चित्रावर पंजा ठेवायचास. ‘सांग नऱ्या, आता काय होईल?’ मी काहीबाही सांगायचो, मग तू पंजा उचलायचास. पाचवीत नापास होऊन माझी शाळा सुटली, पुढे रेल्वेच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे मिस्त्रीच्या हाताखालचा मदतनीस, झालो; तू मास्तर झालास. मला अक्षरं जुळवायला वेळ लागतो, हे तू तेव्हाच ओळखलं होतंस. कोणाला कधी बोलला नाहीस. मीही आजवर कबूल केलं नव्हतं.

तर ही गोष्ट समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या एका बाईची. पहिल्याच भागात ती म्हातारी होऊन मरते. म्हटलं, आता उरलं काय? पुढच्या भागात ती अंथरुणावर खोकत होती. मग उठून बसली. मग केस काळे झाले, मेलेला नवरा परत येऊन होडी दुरुस्त करू लागला. मी शहात्तर वर्षांचा माणूस, तीन आठवडे आ वासून बघत होतो. वरचा आकडा एकसष्ट, साठ, एकोणसाठ असा उतरत होता. मला वाटलं, इतके भाग उरले. शेवटी अनुश्रीनं पाहिलं आणि पोट धरून हसली. ‘आबा, आप तो उल्टा पढ़ रहे हो.’ नवा भाग यादीत सगळ्यात वर असतो, आणि मी वरूनच सुरुवात केली होती.

शरम वाटली. पण खरं सांगू, सुलट वाचली असती तर ती बाई दिवसेंदिवस माझ्यासमोर थकत गेली असती. आता ती सहा वर्षांची झाली आहे. पाण्याला भिते, आईचा हात सोडत नाही. तिथेच मी थांबलोय. एक नंबरचा भाग तेवढा राहिला आहे. एकट्यानं उघडवत नाही.

म्हणून हे पत्र. तुझं ‘पुरे’ मला कळतं. सुया तुला टोचतात, मला नाही. हट्ट करायचा मला हक्क नाही, पण करून राहिलो. मंगळवारी सकाळच्या बसनं मी अभनपुरला येतो. ती चुकली तर पुढच्या बसनं, पण येतो. मग दोघं मिळून रायपुरच्या दवाखान्यात जाऊ. मशीनला चार तास लागतात. या वेळी मी वाचीन, अडखळत वाचीन, तू खुशाल हस. तुझ्या डाव्या हाताला सुया असतात, उजवा मोकळाच असतो. तो चित्रावर ठेव आणि विचार, आता काय होईल. मी काहीबाही सांगेन, मग तू पंजा उचल.

तुझाच,
नरहरी