सोळा पानं मागेपुढे

आई, ती विटेएवढी जाड जपानी कादंबरी मी अखेर वाचली. वाचनालयाने जुनी पुस्तकं बाहेर काढली होती, त्यात हिच्या पाठीवर तुझ्या अक्षरातली नावाची चिठ्ठी दिसली आणि उचलून आणली. मराठी अनुवाद आहे. एका बाईच्या घरात रोज सकाळी एक खोली वाढलेली असते, तिची गोष्ट.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत तू पुस्तकं बांधायचीस. चौथी शिकलेली, घोटीकडची. पण शिवायच्या आधी प्रत्येक पुस्तक वाचायचीस आणि भाकऱ्या थापता थापता आम्हाला गोष्ट सांगायचीस. "हा मेला आता तिला फसवणार बघ!" म्हणत परातीत पीठ आपटायचीस. पंच्याण्णव साल असेल, मी एम.ए.ला होते. कॉलेज रोडच्या बंगल्यात राहणारी माझी मैत्रीण घरी आलेली, आम्ही चहा पितोय, आणि तू खळीने माखलेल्या हातांनी हेच पुस्तक घेऊन पुढ्यात उभी. आधीच्या बांधणीत कोणीतरी कडा कापताना पानांचे आकडेच उडवले होते, म्हणून सोळा-सोळा पानांचे फर्मे तू वाचून वाचून लावले होतेस. "ए बाई, जरा बघ ना. इथं ती जिना चढायला लागली, अन् लगेच पुढच्या पानावर मासे बोलायला लागले. वाक्य अर्धंच हाय. माझा एक फर्मा मागंपुढं झालाय, नाय का?"

मी कादंबरीचं फक्त नाव ऐकलेलं. तरी ऐटीत म्हणाले, "आई, असल्या कादंबऱ्या अशाच असतात. तुला नाही कळायचं." मैत्रीण हसली. "असं व्हय," म्हणालीस आणि आत गेलीस.

त्यानंतर तू वाचणंच सोडलंस. पुस्तकं शिवायचीस, पण वाचायची नाहीस. विचारलं तर म्हणायचीस, "मला काय कळतंय त्यातलं? दोरा कळतो, बास." जाईपर्यंत एक गोष्ट सांगितली नाहीस गं.

आता वाचलं तर जिन्याचं ते वाक्य पानाच्या तळाशी तुटतं आणि माशांची सोळा पानं संपल्यावर पुढे जोडलं जातं. तूच बरोबर होतीस. इतक्या वर्षांत कुणाला पत्ता लागला नाही, उलट कुणा शहाण्याने तिथेच पेन्सिलीने "वा!" लिहिलंय. मी स्वतः कॉलेजात असल्याच कादंबऱ्या शिकवते, पण खरं सांगू? निम्मी माझ्याही डोक्यावरून गेली. तू असतीस तर त्या वाढणाऱ्या खोल्यांचं काहीतरी सांगितलं असतंस.

काल शिवण उसवून फर्मा जागेवर लावायला बसले. हात धजला नाही. हे लिहून झालं की त्याच पानांत ठेवीन, पाठवणार कुठे? फक्त एक राहिलं. बघितलंच नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तू बोट ठेवलंस तिथे मी बघितलं होतं, आई. वाक्य तुटलेलं मला दिसलं होतं. मैत्रिणीसमोर तू बरोबर ठरलेली मला नको होतीस, एवढंच.