दयाराम कसा काढायचा?

प्रिय बाबा,

उद्या तलावाच्या तुडुमाजवळची, पाणी सोडतात तिथली भिंत रंगवायची आहे आणि माझं घोडं तुमच्याच नावाशी अडलंय, म्हणून हे पत्र.

तलावाचं पाणी कुणाच्या धानाला कधी सोडायचं, ते पाणकर म्हणून तुम्ही त्या भिंतीवर गेरूनं मांडायचात. अक्षर एक येत नव्हतं. पण प्रत्येकाचं डोकं आणि त्याच्यावर नाव: नागोकाकांवर नाग, चंद्रभानवर कोर, मैनाबाईवर मैना. नाव दुसऱ्याला चिकटू नये म्हणून डोक्यापासून नावापर्यंत एक रेघ.

आता माझ्या तिरोड्याच्या शाळेत एक मासिक आलंय. त्यात मेक्सिकोच्या नाहुआ लोकांची जुनी चित्रं आहेत. एका राजाचं नाव धुमसती ढाल, तर डोक्यामागे ढाल आणि तिच्यातून धूर. आणि बाबा, तीच रेघ! "हे तर माझे बाबा करायचे," असं मी भर वर्गात ओरडले. पोरी हसल्या. मग मला जरा लाज वाटली.

आठवतं ना? चौथी पास झाल्याच्या तोऱ्यात मी भिंतीला चुना फासला आणि सगळी नावं झोकात अक्षरांत लिहिली. सकाळी नागोकाका भिंतीपुढे उभे. "पोरी, माहा नाग कोठं गेला?" वाचता कुणालाच येईना, पाणी भलत्याच धानाच्या बांधीत गेलं. तुम्ही रागावला नाहीत. "लिवलं त झाक हाय. पन वाचनार कोन?" एवढंच बोललात आणि दुपारपर्यंत सगळं आठवून पुन्हा काढलंत. मी गेरूचं मडकं धरून उभी.

पण तुमचं डोकं त्या भिंतीवर कधीच का नव्हतं? विचारलं तर म्हणायचात, "पानकराची पाळी शेवटी. तिले चित्र कायले? अन् दयाराम काढू कसा, तूच सांग." पाणी कमी पडलं की आपलीच बांधी कोरडी राहायची. आईची किती बोलणी खाल्लीत!

तुमच्यामागे चित्रं मलाच आठवतात, म्हणून गावानं बोलावून घेतलंय. काल नागोकाकांनाच विचारलं, दया कशी काढू? ते म्हणाले, "कोरडी बांधी काढ. गाव वळखते."

तर ऐका. पाळी शेवटचीच ठेवीन, नाहीतर स्वप्नात येऊन भांडाल. पण यंदा तिथं तुमचं डोकं असेल, ठळक रेघ आणि वर कोरडी बांधी. कुणी चौथी पास पोरगी चुना घेऊन आलीच, तर तिची आधी माझ्याशी गाठ आहे.

तुमची चुनेवाली,
यमुना