पहिल्याच पानावर

रविवार, संध्याकाळ

त्या लेखकाचं पडलेलं तोंड डोळ्यापुढून जात नाय.

गेल्या आठवड्यात औरंगपुऱ्यातून माझ्या रिक्षात बसले. कादंबरीच्या बॅनरवर फोटो पाहिला होता, म्हणून ओळखलं. म्हणलं, "सर, तुमची किल्ल्यातल्या खुनाची कादंबरी वाचली. लई भारी!"

"खुनी कोण ते कधी कळलं रे तुला?"

एक पान वाचलेलं नाय. गाव सुटलं, फुशारकी सुटली नाय. म्हणलं, "पहिल्याच पानावर!"

त्यांचं तोंड एकदम पडलं. उस्मानपुऱ्यात उतरताना म्हणाले, "आयुष्यभर तेवढंच लपवायला शिकलो, बाळा."

पहिल्याच पानावर! कुठून सुचलं मला?

पुस्तक विकत आणलं. बोट ठेवत ठेवत आज निम्मं झालं. खुनी कोण, अजून कळलं नाय. हे त्यांना सांगायला रोज उस्मानपुऱ्यात रिक्षा हळू करतो. दिसत नायत.