कागदावर मेलेली माय

माय, तुला जाऊन आता तीस वर्षांच्या वर झाली. तू असतीस तरी हे तुला वाचता आलं नसतं. मीच वाचून दाखवलं असतं आणि मधले मधले शब्द गाळले असते. आता काही गाळायची गरज उरली नाही, म्हणून लिहिते आहे.

बहात्तरच्या दुष्काळात हदगावकडचं आपलं गाव सोडून आपण खडी फोडायला गेलो. बाप त्याआधीच गेलेला. मी चौदा वर्षांची. रस्त्याच्या कडेला बायका ओळीनं बसलेल्या, तू हातोडी मारते आहेस, आणि तान्ही लेकरं दगडांवर लुगडी टाकून केलेल्या वीतभर सावलीत. एक दिवस शेजारच्या बाईचं लेकरू उन्हानं तापलं आणि संध्याकाळपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरसिअरची जीप आली, तेव्हा तू रस्त्यात मधोमध बसलेली होतीस, आणि तुझ्या मागं सगळ्या बायका. "सावली करा, पाणी ठिवा, मग हातोडी उचलू," तू म्हणालीस. त्यानं वही काढली. नाव काय तुझं? "सगळ्याइचं लिव्हा. माझं एकटीचंच कामून लिवता?" तिसऱ्या दिवशी तट्ट्यांचं छप्पर झालं, पाण्याचं पिंप आलं. लढून काही मिळताना मी पाहिलं ते तेवढंच. मला वाटलं, असंच मिळत असेल नेहमी.

मग नांदेडला सरकी काढायच्या जिनिंगमध्ये तू लागलीस. संध्याकाळी घरी यायचीस तर भुवयांवर, पापण्यांवर कापसाचं भुस्कट, आणि हसलीस की खोकायचीस. बायकांची संघटना तू उभी केलीस, मी तिची वही लिहायची. एका बाईचा पंजा यंत्रात गेला. यंत्राला जाळी बसवा, एवढंच मागून तुम्ही काम बंद केलं. पण तेव्हा आणीबाणी होती, आणि काम बंद करणं हाच गुन्हा होता. चौथ्या दिवशी सकाळी पोलीस आले. तू चुलीपुढं भाकरी थापते आहेस. साहेब दारात उभे राहून फार सभ्यपणे म्हणाले, "चला बाई, पाच मिनिटांचं काम आहे." तू वर न बघता म्हणालीस, "तव्यावरची भाजू द्या. पोरगी उपाशी हाय." ते थांबले. तू भाकरी उलटलीस, पदर सावरलास, हात धुतलेस आणि गेलीस. ती पाच मिनिटं सव्वा वर्ष चालली. खटला नाही, वकील नाही. मिसा नावाच्या कायद्यात असंच कोंडता येतं, हे मला गल्लीतल्या शिंपी चाचांनी सांगितलं. त्यांच्या घरूनच दोन वेळा ताट यायचं. चाचींनी एकदाही विचारलं नाही, किती दिवस.

हमीपत्राचं तुला माहीत आहे, पण सगळं माहीत नाही. पोलीस ठाण्यातल्या कारकुनानं मला बोलावून सांगितलं की तुझी आई संघटना सोडते, पुन्हा यात पडणार नाही, असं लिहून अंगठा आण, महिन्यात सुटेल. त्यानं मजकूर सांगितला आणि मी लिहिला. तुला वाटलं असेल, दमदाटीनं लिहिला. तसं नव्हतं. त्यानं मला खुर्ची दिली होती, चहा दिला होता, आणि मला ते आवडलं होतं. औरंगाबादच्या जेलात मुलाखतीला आले तेव्हा तू जाळीमागं, हातांची हाडं दिसणारी. मी वाचून दाखवलं. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "हे कुणी लिव्हलं?" मी म्हटलं, मी. तू कागद जाळीजवळ धरायला लावलास, बराच वेळ बघत राहिलीस. "अक्षर बरं हाय तुझं." बस. अंगठा तू उठवला नाहीस. शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं तेव्हा जाता जाता म्हणालीस, "पाठकोरा हाय. गणितं कर त्याच्यावर." मी परतीच्या गाडीत तो कागद फाडला, आणि रागावले तुझ्यावर. ज्यांच्यासाठी तू आत होतीस त्यातली एक बाईही मला गल्लीत ओळख देत नव्हती, हे मी तुला सांगितलं नव्हतं.

तू सुटलीस तेव्हा जिनिंगनं तुला घेतलं नाही. यंत्राला जाळी बसलेली नव्हती. जिचा पंजा गेला तिनं मालकाच्या बाजूनं लिहून दिलं होतं, बदल्यात तिच्या पोराला फाटकावर नोकरी मिळाली होती. तू तिला बोल लावला नाहीस. "तिला खायाला नको का?" म्हणालीस. तुझ्याकडं त्यानंतर कुणी आलं नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती, आणि मला कारकुनाची जागा मिळाली. चौकशीच्या फॉर्मात एक रकाना होता: कुटुंबातील कोणास अटक, कैद? मी पेन धरून बसले. मग वरच्या रकान्यात, आईच्या नावापुढं, हयात नाही असं लिहिलं. खालचा रकाना आपोआप सुटला.

दोन महिन्यांनी तू न कळवता आलीस. नांदेडहून एसटीनं, बगलेत जुन्या लुगड्यांचं शिवलेलं जाड आसन. लेक दिवसभर लाकडी खुर्चीत बसते म्हणून हातानं टाके घातलेलं. तू माझ्या टेबलापाशी उभी, दम लागलेली, आणि हेडक्लार्कनं विचारलं, "कोण या?" मी म्हटलं, "गावाकडच्या आहेत. आईच्या ओळखीच्या." माय, तुला क्षणसुद्धा लागला नाही. "हाव साहेब," तू म्हणालीस, "हिची माय माझ्या लई जवळची व्हती."

स्टँडवर मी तुझ्याशेजारी बसले. अहमदपूरवरून जाणारी गाडी लागायची होती. तू विचारलंस, "कवा मेले म्हून लिव्हलंस?" वर्ष मागत होते, म्हणून मी दुष्काळाचं टाकलं होतं. तसं सांगितलं. तू म्हणालीस, "दुष्काळात? तवा तर म्या लई जिती व्हते, बाई." गाडी आली, तू चढलीस, खिडकीतून म्हणालीस, "आसन वापर. भिंतीला टेकून नको बसत जाऊस, पाठ धरती." माझ्यावर तू रागावली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या हिवाळ्यात तू गेलीस. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, छाती कापसानं भरली आहे. कागदावर तू आधीच गेलेली, त्यामुळे तुझ्या मरणाची रजा मला मागता आली नाही. प्रकृती ठीक नाही असा अर्ज केला, विहारात वंदना झाली आणि चौथ्या दिवशी टेबलावर हजर झाले. "बरं वाटतं का आता?" हेडक्लार्कनं विचारलं. मी हो म्हटलं. पुढं बढत्या मिळाल्या, निवृत्त झाले. जिनिंगच्या जागेवर फ्लॅट झालेत. आमच्याकडं लातूरला पाणी रेल्वेनं आणावं लागलं. तुझ्या संघटनेची वही कुठं गेली, मला ठाऊक नाही.

मागच्या आठवड्यात आमच्या चौकात झाडूवाल्या बायका बसल्या होत्या. कंत्राटदार हजेरी लावत नाही, हातमोजे देत नाही म्हणून. मी गॅलरीत होते. पोलिसांनी त्यांच्यातल्या पुढं बसलेल्या पोरीला ओढत गाडीत घातलं. पंचविशीची असेल. परवा तिची आई माझ्या दारात आली. पोरीनं दगड मारला असं लिहिलंय म्हणे, जमानत होत नाही. "बाई, तुमी वर हुत्या. तिनं हात उचलला न्हाई, एवढंच कोर्टात सांगा."

मी म्हटलं, "मला लांबचं दिसत नाही हो." ती बरं म्हणाली आणि चपला घालून जिना उतरली.

मला लांबचं चांगलं दिसतं, माय. त्या पोरीचे दोन्ही हात मांडीवर होते.